तहानलेला दगड

गुरुवारी सकाळी दात घासता घासता त्याची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या अंगणात गेली आणि ब्रश तोंडातच राहिला. फरशीवर एक पांढरा पंजा उमटला होता. आदल्या संध्याकाळी तो नव्हता. आदल्या संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यानं स्वतः, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, कुंड्या सरकवून, बादल्यांवर बादल्या ओतून आणि काथ्याच्या ब्रशनं घासून सगळं अंगण धुतलं होतं. ओल्या दगडांचा मातकट तांबूस रंग बघून तो स्वतःवर खूश झाला होता. गेलं एकदाचं, असं जेवताना बायकोला म्हणालाही होता. बायकोनं पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला होता. आता दगड वाळले होते आणि सगळं होतं तिथे परत आलं होतं. प्रत्येक दगडाच्या चारी कडांना बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा, आणि मधल्या भागावर पिठाचा हात फिरवावा तसे फराटे. सिमेंटचा डाग फार लबाड असतो. पाणी पडलं की दिसेनासा होतो, आपण जिंकलो असं वाटतं, आणि दगड वाळला की पुन्हा दात विचकत हजर. एवढं त्याला दोन महिन्यांत कळून चुकलं होतं. पण पंजा नवीन होता. तोंड खळखळून धुऊन तो मागच्या दारातून बाहेर आला, तोवर बाबा तिथे पोचले होते. ऐंशी उलटलेला माणूस, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्याएवढं डबडं, आणि पंजा होता त्या दगडावर पाणीच पाणी. "काय करताय बाबा?" त्यानं विचारलं. "झाडाला घालत होतो," बाबा म्हणाले. झाड तिथून चार हात लांब होतं. ओल्या दगडावर आता काहीच दिसत नव्हतं, आणि त्याला ऑफिसला उशीर होत होता.

बसमध्ये उभ्यानं जाताना तो पंजा त्याच्या डोक्यातून जाईना. बाबांनीच उमटवलेला, दुसरा कुणाचा असणार. बाबा गवंडी. गवंडी म्हणजे नुसती थापी धरणारे नव्हेत. पंचेचाळीस वर्षं दगडी फरशा बसवल्या, आणि त्यांच्या फरशीवर काचेची गोटी सोडली तर ती ज्या बाजूला वळायला हवी त्याच बाजूला वळे. सपाटी मोजायची पाणसळ खोटं बोलेल, म्हातारा बोलणार नाही, असं त्यांच्याबरोबरचे लोक म्हणत. हे अंगण त्यांनी हट्टानं स्वतः केलं. पोरांना काही उरायला नको का माझं, म्हणाले. खाणीतून आणलेला, पॉलिश न केलेला दगड. उचलायला दोन माणसं होती, पण बसवला प्रत्येक यांनीच, चौरंगाएवढ्या स्टुलावर बसून, तीन आठवडे. आणि शेवटच्या दिवशी, नुसते सांधे भरायचे राहिले होते तेव्हा, अशी चूक केली जी त्यांच्या हाताखालच्या कालच्या माणसानंही केली नसती. भर दुपारी, तापलेल्या, कोरड्या ठणठणीत दगडावर सिमेंटचा माल ओतला. सांधे भरायच्या आधी दगड भिजवायचा असतो, पोटभर, म्हणजे मग तो सिमेंटचं पाणी शोषत नाही. "तहानलेला दगड समोर येईल ते पितो," हे बाबांचंच वाक्य. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेलं की घरात कुणी जेवायला उशिरा आलं आणि मिळेल त्यावर तुटून पडलं तरी तेच म्हणायचे. आणि त्याच माणसानं वर सांडलेला माल ओल्या फडक्यानं पुसायचा तोही उघड्या हातानं फरफटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाहिल्यावर तो बाबांपाशी गेला होता. "बाबा, सांधे कोरड्यावर भरलेत?" त्यानं शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं होतं. बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं, मग म्हणाले, "भरले असतील." असतील. स्वतःच्या हातच्या कामाबद्दल हा माणूस असं कधी बोलला नव्हता. त्या दिवसापासून त्याला बाबांची भीती वाटायला लागली. बाबांची म्हणजे बाबांच्या आत जे काही सुटत चाललं होतं त्याची.

आणि रविवारी ताई येणार होती. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, दुसऱ्या शहरात, मोठ्या दवाखान्यात मुख्य नर्स. माणसाकडे बघता बघता ती नाडी मोजते असं तिच्याबद्दल घरात गमतीनं म्हणत. मागच्या आठवड्यात बायको तिच्याशी फोनवर दबक्या आवाजात बोलत होती, आणि तो चपला काढत असताना त्याच्या कानावर आलं होतं: "परवा पुन्हा तेच विचारलं... नाही हो, काही लक्षात राहत नाही... हो, तुम्हीच या, तुमचं ऐकतील." तो आत आल्यावर फोन ठेवला गेला होता. त्याला सगळं कळलं होतं. ताई येणार, बाबांना तपासणार, आणि ताई एकदा म्हणाली की मग डॉक्टर, गोळ्या, आणि शेवटी ती एक जागा, जिथे तिच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांना पाठवतात: स्वच्छ, पांढरी, एका रांगेत खुर्च्या, सगळ्यांची तोंडं एका भिंतीकडे. तसल्या एका जागी तो एकदा गेला होता, वजनं-मापं खात्यातर्फे तिथला वजनकाटा तपासायला. एक म्हातारा काट्यावर उभा राहिला तो उतरायलाच तयार नव्हता. आकडा येत नाही तोवर मी आहे की नाही कसं कळणार, असं काहीतरी पुटपुटत होता. तिथे बाबांना जाऊ द्यायचं नाही, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. ताईला बोलून पटवता आलं नसतं, बोलण्यात ती कुणाला हार जात नाही. पण बाबांविरुद्ध तिच्या हाती लागेल असा पुरावा काय होता? अंगण. ताई गवंड्याची मुलगी. दाराच्या उंबऱ्यावरूनच तिला कळलं असतं की हे काम बाबांच्या शुद्धीतलं नाही. तेव्हा रविवारच्या आत डाग जायला हवे होते. बाकीचं तो सांभाळून घेणार होता.

त्याच संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात त्यानं दगडावरचं सिमेंट काढायची पावडर मागितली. दुकानदार मागे वळून फळीवरून डबा काढता काढता म्हणाला, "मागचा संपला एवढ्यात?" त्याला वाटलं गिऱ्हाइकांची गल्लत झाली असेल. "मागचा कुणी नेला?" दुकानदार डबा हातात धरून क्षणभर थांबला. त्यानं चष्मा वर केला, त्याच्याकडे पाहिलं आणि मग एकदम फार गोड आवाजात म्हणाला, "असेल घरातलंच कुणीतरी. तुम्हाला माहीतच आहे म्हणा, पण सांगतो. आधी दगड चिंब करायचा, म्हणजे पावडरीचं पाणी वरच्यावर राहतं. पाच मिनिटांच्या वर ठेवायचं नाही. तारेचा ब्रश अजिबात नको, गंजाचे ठिपके पडतात. आणि आधी कोपऱ्यात एका जागी लावून बघायचं." माहीतच आहे म्हणा. डब्याची पिशवी हातात घेऊन तो रस्त्यावर आला आणि तिथेच थांबला. म्हणजे बाबा काठी टेकत टेकत, दोन चौक ओलांडून इथवर आले होते. म्हणजे त्यांना आपली चूक कळली होती आणि ती लपवायला ते चोरून धडपडत होते. एखादं पोर फुटलेल्या बरणीचे तुकडे सदऱ्याखाली घेऊन फिरावं तसे. त्याला बाबांची इतकी दया आली की घरी जाऊन त्यांच्याशी धड बोलताही आलं नाही.

शुक्रवारी त्याला अर्धी रजा मिळाली, पण आधी सकाळच्या फेरीत तीन दुकानं होती. वजनं-मापं तपासायचं खातं म्हणजे लोकांना वाटतं नुसता चिमटा मारून शिक्का उठवायचा. तसं नसतं. प्रमाण वजन मखमलीच्या डबीतून चिमट्यानं उचलायचं, कारण बोटाच्या घामाचंही वजन असतं, काट्याच्या चारी कोपऱ्यांवर ठेवून पाहायचं, श्वास रोखून. एकतीस वर्षं तो हे करत आला होता आणि त्याच्या एकाही नोंदीवर कुणी बोट ठेवलेलं नव्हतं. दुसऱ्या दुकानातल्या वाण्यानं त्याला बघून दोन्ही हात वर केले. "साहेब, मंगळवारीच झालं की!" काट्याच्या बुडाशी शिशाचा ताजा शिक्का होता, चकचकीत, आणि त्यावर त्याचाच नंबर. मंगळवारी तो इकडे फिरकला नव्हता. त्यानं खिशातून आपला शिक्क्याचा चिमटा काढून त्याचा ठसा शिक्क्याशी लावून पाहिला, तोच. वाणी खोकल्यासारखं करून म्हणाला, "चहा पण घेतलात. बिनसाखरेचा." मग त्याच्या लक्षात आलं: ऑफिसात कुणीतरी आपला चिमटा वापरतंय. कोण ते त्याला नक्की ठाऊक होतं, खिडकीजवळचा तो नवा, गोडबोल्या. सोमवारी वरपर्यंत तक्रार करायची, असं त्यानं मनाशी पक्कं केलं आणि ते पक्कं झाल्यावर त्याला बरंही वाटलं. दुसऱ्याच्या काट्यातली खोट शोधण्यात ज्याची हयात गेली, त्याला स्वतःचा काटा तपासायचं सहसा सुचत नाही. फक्त दुकानातून बाहेर पडताना जिभेवर बिनसाखरेच्या चहाची कडवट चव आली, आणि ती बस येईपर्यंत गेली नाही.

दुपारी तो अंगणात उतरला. ऊन पडलं होतं पण वारा नव्हता. शेजारच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे टांगून ठेवल्यासारखे निश्चल होते. सांगितल्याप्रमाणे आधी कोपरा शोधायला गेला, तर ज्या कोपऱ्यात पावडर लावून बघावी असं त्याच्या मनात आलं होतं, नेमक्या त्याच कोपऱ्यात, भिंतीलगत, वीतभर लांबीरुंदीचा एक चौकोन आधीच स्वच्छ होता. त्याच्या पुढचे तीन दगडही स्वच्छ होते, कडांसकट, असे की त्यांवर कधी डाग होते असं वाटू नये. तो त्यांच्याकडे बघत उकिडवा बसून राहिला. बाबांचे गुडघे वाकत नव्हते. पण काम तर झालेलं होतं, आणि सुबक झालेलं होतं. कुठे घाई नाही, कुठे दगड भाजलेला नाही. मानेवरून कुणीतरी फुंकर घालावी तसं त्याला झालं आणि त्यानं वळून पाहिलं. दारात बाबा खुर्ची टाकून बसले होते. कधी येऊन बसले ते कळलं नव्हतं. "आधी पाणी पाज," बाबा म्हणाले. "पाजतो." "पोटभर पाज. वरवर नको." त्यानं नळी सोडली. दगड आवाज करत पाणी प्यायले, खरंच आवाज येतो, कान देऊन ऐकलं तर. बारीक बारीक बुडबुड्यांचा. पांढरं सगळं विरघळलं आणि अंगण एकसंध गडद झालं. "बाबा, हे तीन दगड तुम्ही साफ केलेत?" बाबांनी काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवली. "चांगले झालेत ना?" ते म्हणाले. "चांगले झालेत." "मग कुणी केले ते कशाला पाहिजे."

घासता घासता त्याला ते जुनं काम आठवत राहिलं. एकवीस वर्षांचा होता तो, परीक्षा संपलेली, आणि बाबांच्या कामावर हौसेनं गेला होता. दोघांनी मिळून एक मोठी फरशी खाली उतरवायची होती. बाबा म्हणाले सोड, आणि बाबांनी आधी सोडली की त्यानं उशिरा, हे आजतागायत ठरलं नव्हतं. त्याच्या उजव्या करंगळीचं शेवटचं पेर दोन दगडांच्या मधे राहिलं. दुखलं नाही त्या क्षणी. थंड वाटलं, बर्फाला बोट लागावं तसं. बाबा त्याला उचलून दवाखान्यात पळाले होते, एकवीस वर्षांच्या घोड्याला, आणि वाटेभर एकच सांगत होते, चूक माझी, चूक माझी. त्यानंतर त्यांनी त्याला कामावर कधी येऊ दिलं नाही. परीक्षा दे, नोकरी धर, बोटं सांभाळ. खरं तर त्याला दगडाचंच काम आवडायचं. बाबांना हे त्यानं कधी सांगितलं नाही, आणि आता सांगून उपयोग नव्हता. तोकडं बोट थंडीत झिणझिणायचं. आज, ब्रशाच्या मुठीभोवती, भर उन्हात झिणझिणत होतं. संध्याकाळपर्यंत निम्मं अंगण झालं. रात्री तो मेल्यासारखा झोपला.

शनिवारी उरलेलं निम्मं. एक एक दगड: पाणी, पावडरीचं पाणी, पाच मिनिटं, ब्रश, पुन्हा पाणी, मग फडक्यानं टिपून वाळू द्यायचं आणि परत येतोय का ते पाहायचं. डाग परत येत नव्हते. त्याला शीळ घालावीशी वाटत होती. दुपार झाली तेव्हा दारालगतचा एकच दगड उरला होता, आणि त्यावर मोठी कुंडी होती, गुरुवारी सकाळी नव्हती ती. त्यानं कुंडी दोन्ही हातांनी कवळून बाजूला सरकवली. खाली दगड कोरडा होता आणि त्यावर तो पंजा, पुसट नाही, फराटलेला नाही, ठसठशीत. कुणीतरी उठताना सगळा भार टाकून हात टेकावा तसा. तळव्याची रेघही उठली होती. अंगठा, चार बोटं. नाही, तीन बोटं, आणि करंगळी जिथे संपायला हवी तिथून एक पेर आधीच संपलेली. तो बघत राहिला. मापाच्या माणसाला माप दिसतंच, त्याची इच्छा असो वा नसो. मग त्यानं आपला उजवा हात त्या पंजावर ठेवला, काटा बघताना ठेवतो तसा, श्वास रोखून. कुठे कणभरही कमी नव्हतं, कणभरही जास्त नव्हतं. दगड तापलेला होता, पण करंगळीच्या टोकाशी थंड लागला.

बायको दारात उभी होती. तिच्या हातात पाण्याचा पेला होता, आणि तो ती पुढे करत नव्हती.

"हे माझं आहे," तो म्हणाला.

"हो."

"सांधे मी भरले?"

"बाबांना त्या दिवशी कणकण होती, ते आत झोपले होते. तुम्ही म्हणालात, उठतील तेव्हा काम पुरं झालेलं दिसलं पाहिजे. भर उन्हात बसून एकट्यानं सगळे भरलेत. मी सांगत होते फडकं घ्या, तर म्हणालात हाताला कळतं ते फडक्याला कळत नाही. इतके खुशीत होतात." ती थांबली. "सकाळी उठलात आणि मला विचारलंत, बाबांनी हे काय करून ठेवलंय."

त्याला तो दिवस शोधायचा होता. ऊन, स्टूल, मालाची घमेली, हाताला लागलेलं सिमेंट. सगळं कसं असणार हे त्याला ठाऊक होतं, पण तिथे तो स्वतः नव्हता. रिकामी जागा होती आणि तिच्या कडा व्यवस्थित होत्या. "मग मला सांगितलं का नाहीस?" त्यानं विचारलं. आवाज त्याला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"सांगितलं. तीनदा सांगितलं," बायको म्हणाली. "तिन्ही वेळा तुम्ही असेच बसलात. असेच, हात ठेवून. आणि तिन्ही वेळा म्हणालात, हा दगड असाच ठेवा, पुसू नका, उद्या मी विसरलो तर मला इथे आणून हात ठेवायला लावा."

त्यानं कोपऱ्यातल्या त्या तीन स्वच्छ दगडांकडे पाहिलं. बायकोनंही पाहिलं.

"त्यांच्यावरही पंजे होते?"

"होते. तुम्हीच घासून काढलेत. दोन तर माझ्या डोळ्यांसमोर. मी हात धरला तर रागावलात. म्हणालात, बाबांची लाज चव्हाट्यावर ठेवायची का." तिनं पेला खाली उंबऱ्यावर ठेवला. "मग बाबा म्हणाले, आता त्याला नको सांगू. दर वेळी त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. माझ्या नावावर राहू दे. कुंडी त्यांनीच ठेवायला लावली. बुधवारी तुम्ही ती सरकवलीत, गुरुवारी मी परत ठेवली."

दुकानदाराचा गोड आवाज, शिशाचा चकचकीत शिक्का, बिनसाखरेचा चहा. सगळं एका पाठोपाठ एक येऊन त्याच्यासमोर उभं राहिलं, आणि त्यातलं काहीच त्याला नाकारता आलं नाही. भीती वाटली, पण गंमत अशी की ती नवी वाटली नाही. ओळखीची वाटली, अंगात घालून मऊ झालेल्या सदऱ्यासारखी. म्हणजे ती त्याला आधीही वाटली असणार, तीनदा, इथेच. "ताई उद्या कशासाठी येतेय?" त्यानं विचारलं. बायको उंबऱ्यावरून खाली उतरली. ती त्याच्याशेजारी ओल्या फरशीवर साडीसकट बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेजारच्या गच्चीवरचे कपडे कुणीतरी काढून नेले. "हा राहू दे," शेवटी तो म्हणाला. "काही झालं तरी हा राहू दे. उद्या मी ब्रश उचलला तर काढून घे माझ्या हातातून. मारलंस तरी चालेल." "बरं," बायको म्हणाली. कुठल्या लहान मुलाला म्हणावं तसं नाही, नवऱ्याला म्हणावं तसंच म्हणाली. संध्याकाळी त्यानं खिशातल्या वहीत हे सगळं लिहायला घेतलं, आणि पान उघडलं तर तिथे त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: दारालगतचा दगड. हात ठेवून बघ. वरच्या बाजूला मागच्या महिन्याची तारीख होती. त्यानं वही मिटली आणि कुठेतरी नीट ठेवली.

रविवारी सकाळी तो लवकर उठला. अंगात हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं, आणि खांदे मात्र घासून घासून भरून आले होते. ताई दहाच्या सुमाराला आली. दारातच तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "आज वार कोणता रे?" तिनं विचारलं. "रविवार. म्हणून तर तुझी स्वारी आली," तो हसत म्हणाला. ती हसली नाही. प्रवासानं दमली असावी. चहासुद्धा होऊ न देता तो तिला मागच्या दारी घेऊन गेला. बायको मागून काही म्हणत होती, पण एवढा धीर धरवत नव्हता. अंगण कोरडं होतं, लख्ख, एकेक दगड मोजून घ्यावा असा. सांधे सरळ रेषेत भिंतीपर्यंत गेले होते. "बघ," तो म्हणाला, "कोण म्हणेल ऐंशीच्या माणसाचं काम आहे?" ताई बघत होती, पण तिचे डोळे भिंतीपर्यंत गेलेच नाहीत. ते दाराशी, खाली, खिळले होते. त्यानंही तिकडे पाहिलं. कुंडी बाजूला होती आणि दारालगतच्या दगडावर एक पांढरा पंजा होता. इतकं घासून हा राहिला कसा?

"एवढाच राहिला वाटतं," तो घाईनं म्हणाला, आणि आवाज उतरवला. "बाबांचा आहे. सांधे भरताना हात टेकला असेल. ताई, त्यांच्यासमोर काही बोलू नकोस हं. त्यांना फार लागतं. थकलेत ते, पण बाकी काही नाही, खरंच काही नाही." ताईनं पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं, अखेर तिलाही बाबांची दया आली, बरं झालं. तो भिंतीपाशी गेला, बादली आणली, ब्रश आणला आणि गुडघ्यांवर बसला. बायकोनं पुढे होऊन ब्रश धरला. "राहू द्या ना," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला होता की त्याला क्षणभर तिचा रागच आला. पाहुणे दारात असताना ही झोंबाझोंबी कसली. त्यानं ब्रश हिसकून घेतला.

तेवढ्यात काठीचा आवाज झाला. बाबा दारातून खाली उतरले. न वाकणारे गुडघे त्यांनी कसे वाकवले कोण जाणे. आधी काठी आडवी ठेवली, मग एक हात भिंतीला, मग कण्हत, थांबत, ते त्या दगडाशेजारी बसले आणि आपला उजवा हात त्यांनी पंजावर ठेवून दिला.

"माझा आहे," बाबा म्हणाले.

"हो बाबा. काढतो मी, दोन मिनिटांत जाईल."

"नको. चूक माझी आहे. एवढी एक माझ्या नावावर राहू दे." ते त्याच्याकडे बघत होते, सांधे पाहिले त्या सकाळी पाहिलं होतं तसंच, बराच वेळ. "म्हाताऱ्याचा हट्ट समज."

"बरं," तो म्हणाला. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालू नये. ताई येऊन बाबांच्या मागे उभी राहिली होती, बायको उंबऱ्यावर बसली होती. बाबांचा हात दगडावर पसरलेला होता, सुरकुतलेला, शिरा वर आलेल्या, पाची बोटं धडधाकट. आणि मापाची सवय वाईट, त्याच्या लक्षात आलं की बाबांची करंगळी खालच्या पांढऱ्या खुणेच्या पुढे गेली आहे, पेरभर. वय झालं की माणूस आकसतो असं त्यानं ऐकलं होतं. बोट वाढल्याचं ऐकलं नव्हतं. तो त्या पेरभर जागेकडे बघत राहिला. मग त्यानं ब्रश बादलीत ठेवला आणि, का कोण जाणे, कुणाला दिसू नये असा आपला उजवा हात पाठीमागे नेला.